साहेबांची उजवी बाही

साहेबांच्या शर्टाची डावी बाही मनगटापर्यंत आणि उजवी कोपराच्या वर संपलेली असायची. फाटली म्हणून नव्हे, तशीच शिवून घ्यायचे. शहाद्याच्या शिंप्याला पहिल्यांदा वाटलं की माप लिहिताना आपलीच चूक झाली. त्याने बिचाऱ्याने रात्रीचा दिवस करून दुसरी बाही जोडून आणली, तर साहेबांनी त्याच्यासमोर कात्री मागून ती कापली. वर टाय. एप्रिलमध्ये आमच्याकडे कावळासुद्धा सावली सोडत नाही, त्या उन्हात हा माणूस गळ्यात टाय आणि एक हात उघडा टाकून कापसाच्या जिनिंग गिरणीच्या आवारात फिरायचा. भुवयांवर कापसाची पिंज बसलेली असायची.

त्या उघड्या हाताचं काम असं, की कापसाचा टेम्पो आवारात आला की साहेब फाळक्यावर चढायचे आणि हात थेट खांद्यापर्यंत ढिगात घालायचे. डोळे मिटायचे. आतून मूठभर कापूस ओढून काढायचे, अंगठ्यांत धरून धागा ताणायचे आणि सांगायचे, वरचा माल चांगला, आतला ओला, परत. मी त्यांच्या हाताखाली कापूस पाहायला होतो. यंत्र पुढे आलं, ओलावा मोजायला लागलं, पण साहेबांचा हात आणि यंत्र यांचं कधी वाकडं आलं नाही. मोठ्या शहरांतल्या कंपन्यांमध्ये वरच्या खुर्च्यांवर बसून आलेला माणूस, जनरल मॅनेजर, ऑफिसात आमच्याशी पुस्तकी मराठीत बोलायचा. पण टेम्पोवर चढला की आईची बोली तोंडात यायची.

"पोटमा हात घाल, भो," ते मला सांगायचे. "वरतून समदंच पांढरं दिखस."

ही सवय कापसापुरती राहिली असती तर ठीक होतं. माझ्या लग्नात साहेब आले, आहेर दिला आणि पंगतीआधी आचाऱ्याकडे जाऊन बुंदीच्या परातीत कोपरापर्यंत हात घातला. तळची बुंदी कच्ची निघाली. माझे सासरे इतके ओशाळले की पुढे तीन वर्षं साहेबांचं नाव निघालं की त्यांनी विषय बदलला. केळीच्या पेट्या, मिरचीची पोती, एकदा तर गणपतीच्या मंडपातली प्रसादाची टोपली, साहेबांनी पोट तपासल्याशिवाय काही सोडलं नाही. लोक मागून हसायचे, पण त्यांच्यासमोर कुणी ओला माल आणायचा नाही.

माणसांचंही तसंच. आवारात पाण्याचे दोन माठ होते. एक आमचा आणि दुसरा डोंगराकडून येणाऱ्या मजुरांचा, जरा लांब, पत्र्याखाली. साहेब कामावर आल्याच्या आठवड्यात ते दोन्ही माठांतलं पाणी प्यायले, म्हणाले पाणी एकच आहे, मग माठ कशाला दोन? लांबचा माठ स्वतः उचलून जवळच्या माठाशेजारी आणून ठेवला. दोनचार जण कुरकुरले. आठ दिवस घरून बाटली आणली आणि मग उन्हाने त्यांना शहाणं केलं. गाठी दाबायच्या यंत्रावर त्यांनी अक्कलकुव्याकडची एक बाई बसवली, तेव्हाही अशीच कुरकुर झाली. ती बाई पुढे नवीन मुलांना शिकवायला लागली. मी हे सगळं डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून पुढचं सांगताना अजूनही माझी मती गुंग होते.

आता कानबाईचं सांगायला हवं. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे घरोघरी कानबाई बसते. तिच्या नैवेद्याला रोट लागतात. रोटासाठी गहू घ्यायचा तो मोजून, घरातल्या पुरुषागणिक सव्वा मूठ. थोरला माणूस एकेकाचं नाव घेतो आणि सुपात मूठ टाकतो. तान्हा मुलगा असला तरी त्याची मूठ असते. बाईची नसते, मुलीची नसते. आणि तो रोट भाऊबंदांच्या बाहेर कुणाला द्यायचा नाही. आमच्या घरी तरी असंच होतं आणि कुणाला त्यात काही खटकत नव्हतं, मलाही नाही.

एका वर्षी कानबाईच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी मला कापसाचे नमुने घेऊन साहेबांच्या बंगल्यावर पाठवलं. पाहतो तर साहेब ओसरीवर पाटावर बसलेले, ऑफिसची पँट, उजवा हात उघडा, पुढ्यात सूप. त्यांची म्हातारी आई नावं सांगत होती. साहेबांनी स्वतःची मूठ टाकली, मुलाची टाकली आणि मग तिसरी टाकली. म्हातारीने विचारलं ही कुणाची? ते म्हणाले, ताईची. ताई म्हणजे त्यांची मुलगी, तेव्हा शाळेत जाणारी, दारात उभी होती. म्हातारीने कपाळाला हात लावला. साहेब एवढंच म्हणाले की घर मोजायला बसलो आहोत, तर घर पूर्ण मोजू.

मी नमुने द्यायचं विसरून तसाच परत आलो. माझी मुलगी तेव्हा दोन वर्षांची होती, एकुलती एक. घरी येऊन मी आबांना, म्हणजे माझ्या थोरल्या चुलतभावाला, म्हटलं की यंदा आमच्या पोरीची मूठ घ्या. आबा खवळले. पण साहेबांच्या घरी घेतात म्हटल्यावर विचारात पडले. एवढा शिकलेला, जग पाहिलेला माणूस, त्यात समाजातलं वजनदार घर. "साहेबना घरमा चालस, त आपलं काय," असं म्हणत त्यांनी सातवी मूठ सुपात टाकली. आम्ही पुरुष सहा. त्या वर्षापासून आमच्या घरी मुठी सात. माझ्या मुलीने सतरा वर्षं स्वतःच्या मुठीचा रोट खाल्ला. ती सातवी मूठ साहेबांच्या नावावर उभी होती, हे मला तेव्हा कळलं नाही. वाटलं, पडली ती पडली, आता घरचीच झाली.

मधल्या काळात जिनिंग विकली गेली. नव्या मालकाला टायवाला मॅनेजर नको होता. साहेब घरी बसले. रोज सकाळी मला फोन करून विचारायचे, आज आवक किती, ओल कशी. मला वाईट वाटायचं. मग मोबाइलवर बातम्या देणारा कुणीतरी त्यांना कापसाच्या भावावर बोलायला घेऊन गेला. साहेब छान बोलले. आयात, धोरण, दिल्लीत बसलेल्यांना कापसाचं झाड ओळखता येत नाही, असं खरपूस. लोकांना आवडलं. पुढच्या वेळी निवडणुकीवर बोलले. त्यानंतर एकदा बोलता बोलता आजकालच्या सुनांवर घसरले आणि तो तुकडा वणव्यासारखा पसरला. म्हसावदच्या चहाच्या टपरीवर मी तो अनोळखी माणसांच्या मोबाइलवर पाहिला आणि चहा तसाच सोडून उठलो. साहेबांच्या डोक्यावर टोपी होती. अंगात पांढरा झब्बा, दोन्ही बाह्या मनगटापर्यंत. आणि ऑफिसात पुस्तकी बोलणारा हा माणूस तिथे आमच्या बोलीत गडगडत होता.

त्यानंतर त्यांनी स्वतःचं चॅनेल काढलं. सरपंचाच्या खुर्चीवर बायका बसवल्या तर कारभार नवराच करतो, मग हे सोंग कशाला. इंग्रजी शाळांनी पोरं परकी केली. जुन्या काळी सगळे कसे आपापल्या जागी राहून गुण्यागोविंदाने नांदत होते. हे शेवटचं ऐकलं तेव्हा मी मोबाइललाच विचारलं, "साहेब, आणि तो माठ?" बायको म्हणाली, मशीनशी काय बोलता. मुंबईच्या वाहिन्या त्यांना संध्याकाळच्या चर्चेत बोलवायला लागल्या. नावाखाली पट्टी यायची, माजी उद्योग व्यवस्थापक आणि राजकीय विश्लेषक. आमच्या गावात त्यांना साहेब म्हणणं बंद होऊन लोक दादा म्हणू लागले.

मी स्वतःची समजूत घालत राहिलो. माणूस म्हातारा होतो, चिडतो, रिकामपण वाईट. घरोघरी मातीच्या चुली. पण यंदा श्रावणात त्यांचा जो व्हिडिओ आला, त्याचं नाव होतं 'आज मूठ, उद्या सातबारा'. साहेब सांगत होते की काही अतिशहाण्या घरांत कानबाईच्या गव्हात पोरींची मूठ घ्यायला लागले आहेत. आज ती मूठ मागते, उद्या कायद्याचा कागद घेऊन शेतात वाटा मागेल, भावाच्या बांधावर परक्या गावचा जावई उभा राहील. रोट म्हणजे भावकीची वीण आहे, एक धागा उसवला की सगळं उसवतं. आणि ज्याच्या घरी अशी मूठ पडते, त्याने ती यंदाच परत काढावी.

शुक्रवारी आमच्या घरी गहू मोजले. आबांनी सहा मुठी टाकल्या, सवयीने सातवीही टाकली. मग थांबले. मोबाइल काढून त्यांनी तो व्हिडिओ सगळ्यांसमोर लावला, पूर्ण होऊ दिला आणि मला म्हणाले, "तुन्हाच साहेब सांगी ऱ्हायना, भाऊ. मी नई."

सतरा वर्षांपूर्वी मीच साहेबांचं नाव पुढे केलं होतं. आबांनी सुपातून सव्वा मूठ उचलली आणि पोत्यात परत टाकली. गव्हाला काय, तो पोत्यात मिसळून गेला. माझी मुलगी समोर गहू निवडत बसली होती. नंदुरबारला कॉलेजात जाते, एकोणीस वर्षांची आहे, मोटारसायकल चालवते, माझ्याशी वाद घालते. ती वाद घालेल म्हणून मी वाट पाहिली. ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, पप्पा," आणि खडे निवडत राहिली. मला त्या क्षणी इतकी लाज वाटली की मी उठून गोठ्यात गेलो.

शनिवारी सकाळी पहिल्या एसटीने शहाद्याला गेलो. मनात वाक्य पाठ केलं होतं. साहेबांना म्हणायचं, एकदा कॅमेऱ्यासमोर एवढंच बोला की ज्याला घ्यायची त्याने मुलीची मूठ घ्यावी. तुमच्या एका वाक्याने माझ्या घरची मूठ परत येईल. दार उघडं होतं. आतल्या खोलीत दिवे लावण्याची तिकाटणी, मागे पडद्यावर नांगराचं चित्र, म्हणजे इथूनच ते देशाला सांगतात तर. ओसरीवर पाट मांडलेला. पाटावर साहेब बसले होते, अंगात जुना, विटलेला, अर्ध्या उजव्या बाहीचा शर्ट. पुढ्यात सूप.

त्यांनी मला पाहिलं, हाताने बस म्हणून खूण केली आणि मोजत राहिले. स्वतःची मूठ. पुण्यातल्या मुलाची. नातवाची. आणि मग चौथी, "ही ताईची."

ताई समोरच होती. नाशिकची नोकरी सोडून घरी आलीय, वडिलांचं चॅनेल तीच चालवते. कॅमेरा तिचा, दिवे तिचे. तो व्हिडिओही तिनेच काढलेला. मांडीवर कॅमेरा घेऊन ती त्याची काच पुसत होती.

माझ्या पाठ केलेल्या वाक्याचं काय झालं मला माहीत नाही. आपल्याकडे म्हण आहे, लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. ती चांगलं सांगून वाईट वागणाऱ्यासाठी. जो घरात चांगलं वागतो आणि बाहेर वाईट सांगतो, त्याच्यासाठी वाडवडिलांनी म्हणच केलेली नाही. त्यांना असा माणूस भेटला नसावा.

शेवटी माझ्या तोंडून निघालं, साहेब, तुम्ही तर अजून घेता.

"म्हणजे काय," साहेब म्हणाले, अगदी शांतपणे, ऑफिसातल्या मराठीत. "माझी मुलगी आहे ती."

मी म्हटलं, माझीही आहे. आणि शुक्रवारचं सगळं सांगितलं, आबा, मोबाइल, पोतं. साहेबांनी पूर्ण ऐकलं. त्यांना वाईट वाटलं असावं, कारण ताईला चहा ठेवायला सांगितला. मग त्यांनी मला समजावलं. कापूस विकायचा तर माल बघावा लागतो. बोलायचं तर गिऱ्हाईक बघावं लागतं. लोकांना भीती आहे, जमिनीची, पोरांची, घर मोडण्याची. ते भीतीवर बोलतात म्हणून लोक ऐकतात. उद्या मुलींची मूठ घ्या म्हणाले तर शंभर शहाणे त्यांच्या आधीपासून तेच सांगत बसलेत, त्यांना कोण ऐकतं? तू तुझ्या घरात काय करायचं ते कर, तुला कुणी अडवलंय, असंही म्हणाले. मी म्हटलं, तुम्हीच अडवलंय. त्यावर ते हसले आणि म्हणाले, तू अजून तसाच आहेस. चहा आला. मी तो प्यायलो. का प्यायलो, माहीत नाही, वीस वर्षांची सवय.

निघताना मी ताईकडे पाहिलं. तिने मान वर केली नाही.

घरी आलो तेव्हा दळण अजून व्हायचं होतं. साहेबांच्या ओसरीवर काय पाहिलं, ते आबांना सांगितलं असतं तर एका क्षणात निकाल लागला असता. माझी जीभ उचलली नाही. खोटं बोललो असतो तर गोष्ट वेगळी, पण खरं सांगायचीच लाज वाटत होती, आणि तीही दुसऱ्याच्या वतीने. मी आबांना म्हटलं, सहाच मुठी ठेवा, पण माझी काढा आणि त्या जागी पोरीची धरा. आबांनी बोटांवर काहीतरी मोजलं आणि म्हणाले, सहाच्या सहा राहतात, मग मला काय. मुठी बरोबर असल्या की आमच्या आबांना देवाची भीती राहत नाही. पण एक अट त्यांनी सांगितली.

"ज्यानी मूठ नई, त्याले रोट नई," आबा म्हणाले. "मंग मन्हावर रागावू नको."

रविवारी कानबाई बसली. पंगत बसली तेव्हा मी ओट्यावर जाऊन बसलो. आतून खिरीचा आणि गंगाफळाच्या भाजीचा वास येत होता आणि खरं सांगतो, भूक सपाटून लागली होती. एवढ्यात मुलगी ताट घेऊन बाहेर आली. तिने आपला रोट मधोमध मोडला आणि अर्धा माझ्यापुढे धरला. आबा आतूनच ओरडले की बाहेरच्याला रोट देता येत नाही, कानबाईचा कोप होईल.

मुलगी उंबऱ्याकडे वळली. "बाहेरना कोन शे आठे, आबा?" ती म्हणाली. "हाऊ मन्हा बाप शे. मन्ही मूठ घरमा शे, त मन्हा बाप घरना बाहेर कसा व्हई?"

आबा दारात आले, आमच्या दोघांकडे पाहिलं आणि परत पाटावर जाऊन बसले. मी तो अर्धा रोट खाल्ला.

गोष्ट तिथे संपली असती तर मी ही कुणाला सांगत बसलो नसतो. आबांच्या मुलाला या सगळ्याचं फार कौतुक वाटलं. त्याने ते साहेबांच्या त्या व्हिडिओखाली लिहून टाकलं. बुधवारी साहेबांचा फोन आला. आवाज टेम्पोवर चढतानाचा, तसा ताजा. म्हणाले, काय केलंस तू हे. बापाने स्वतःची मूठ सोडली, पण परंपरा सोडली नाही, मुठी सहाच ठेवल्या. हा त्याग लोकांना सांगितला पाहिजे. ते यावर पूर्ण भाग करणार होते. माझं नाव घेणार नव्हते, फक्त म्हसावदकडचा एक बाप म्हणणार होते. ताईने वरचं शीर्षकसुद्धा तयार केलं होतं.

मला राग यायला हवा होता. आला नाही, कारण ऐकलेलं आधी खरं वाटायला हवं. मी एवढंच म्हटलं, करा साहेब, खुशाल करा, फक्त त्यात तुमच्या सुपातल्या चौथ्या मुठीचंही सांगा. पोटात हात घाला.

साहेब बोलले, पुस्तकी मराठीत नाही, आईच्या बोलीत, हळू, जसं मला पहिल्या दिवशी कापूस शिकवला होता तसं.

"वरतून समदंच पांढरं दिखस, भो," ते म्हणाले. "दिखू दे."

फोन ठेवला तेव्हा मुलगी समोर होती. कुणाचा फोन, तिने विचारलं. मग मी तिला सगळं सांगितलं, शनिवारची ओसरी, अर्ध्या बाहीचा शर्ट, ताईची मूठ, ताईचा कॅमेरा. वाटलं होतं चिडेल, साहेबांना चार शब्द सुनावेल, निदान मला तरी.

"त्यासनी ताईनी मूठ मोजी," ती म्हणाली, "पन ते कोनले सांगं नई. आनी पोरीसनी मूठ लेऊ नका, हाई सांगानं बी तिन्हाच हाते करी लिधं. मंग ती मूठ मोजी का, पप्पा?"

वीस वर्षं मी ओला आणि सुका कापूस हाताने ओळखला. मी उठलो, गव्हाच्या पोत्यापाशी गेलो आणि कोपरापर्यंत हात आत घातला.